चकवा लागला, तर थांबा



गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही दोघे लेकीकडे सिंगापूरला गेलो होतो. ती नोव्हेना भागात राहते. एके दिवशी सकाळी चहा झाल्यावर आमचे हे बॅलेस्टियर रोडवरून पाव आणतो म्हणून बाहेर पडले. वाट माहितीची होती, आदल्या आठवड्यात जावयांबरोबर दोनदा जाऊन आले होते. अर्ध्या-पाऊण तासात येणारा माणूस दोन तास झाले तरी आला नाही. मोबाइल जेवणाच्या टेबलावरच राहिला होता.

शेवटी एका इमारतीच्या सुरक्षारक्षकाचा लेकीला फोन आला. यांच्या पाकिटात तिचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती, म्हणून बरे. जावई जाऊन घेऊन आले. सदरा घामाने चिंब, ओठ कोरडे पडलेले, हातात पाव नाही. सोफ्यावर बसत म्हणाले, "अगं, चकवा लागला मला." आणि हसले. पण पाण्याचा पेला धरलेला हात थरथरत होता.

मी चौतीस वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काम केले आहे. विस्मरणाचे किती तरी रुग्ण पाहिले, त्यांच्या नातेवाइकांना धीर दिला. पण स्वतःच्या घरात वेळ आली तेव्हा मी काय केले? नातवासमोर त्यांच्यावर ओरडले. "एवढीशी वाट लक्षात राहत नाही का?" असे म्हणून गेले. त्यानंतर आठ दिवस त्यांनी घराबाहेर पाऊल टाकले नाही. विचारले की म्हणायचे, "गुडघा दुखतो." गुडघा दुखत नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

हा लेख त्या आठ दिवसांनंतर काय झाले त्याबद्दल आहे.

शेजारची मुलगी

लेकीच्या शेजारी एक चिनी कुटुंब राहते. त्यांची मुलगी विद्यापीठात शिकते आणि ओरिएंटिअरिंग नावाचा खेळ खेळते. देशाच्या संघात निवड व्हावी म्हणून तिचा सराव चालू होता. ती लिफ्टमध्ये भेटली की "हॅलो आंटी, हॅलो अंकल" म्हणायची. अंकल दिसत नाहीत म्हणून चौकशी करायला आली, तेव्हा लेकीने तिला खरे ते सांगून टाकले. मला अवघडल्यासारखे झाले. ती मुलगी मात्र अगदी सहज म्हणाली, "आंटी, मी तर दर आठवड्याला हरवते. हरवल्यावर काय करायचे, त्याचाच तर आम्ही सराव करतो."

हे आतल्या खोलीतून बाहेर आले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून कोणाला तरी प्रश्न विचारला, "म्हणजे नेमके काय करता?"

हा खेळ आहे तरी काय?

सोप्या शब्दांत सांगायचे, तर नकाशा आणि होकायंत्र घेऊन, स्वतःची वाट स्वतः शोधत धावायचे. नकाशावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण असतो, तिथून सुरुवात. पुढे क्रमांक घातलेली वर्तुळे असतात. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर प्रत्यक्ष जागेवर नारिंगी-पांढऱ्या कापडाची तीन बाजूंची खूण टांगलेली असते, आपल्याकडच्या लहान आकाशकंदिलासारखी. तिथे पोहोचल्याची नोंद बोटाला लावलेल्या इलेक्ट्रॉनिक चिपने होते. शेवटी एकात एक अशी दोन वर्तुळे, ती समाप्तीची जागा. सगळ्या खुणा क्रमाने गाठून जो सर्वांत कमी वेळात येईल तो जिंकला. एका खुणेकडून दुसरीकडे कुठल्या वाटेने जायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे.

नकाशा सुरुवातीच्या रेषेवरच हातात मिळतो. स्पर्धेचा परिसर आधीच जाहीर करून तिथे खेळाडूंना जायला बंदी घातलेली असते, म्हणजे कोणी आधी पाहून ठेवू नये. खेळाडूंना एकामागून एक, ठराविक अंतराने सोडतात. पुढच्याच्या मागे मागे जाणे नियमात बसत नाही.

या खेळाचा जन्म स्वीडन-नॉर्वेकडचा. मुळात हे सैनिकांचे शिक्षण. सामान्य लोकांसाठीची पहिली स्पर्धा १८९७ मध्ये नॉर्वेत झाली. स्वीडनमध्ये मेजर एर्न्स्ट किलँडर यांनी १९१९ च्या सुमारास मुलांना मैदानी खेळांची गोडी लागावी म्हणून तो वाढवला. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९६६ मध्ये फिनलंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. आज सिंगापूर आणि इस्राएल हे दोन्ही देश या महासंघात आहेत. इस्राएलमधील आपल्या वाचकांच्या नातवंडांना 'निवूत' हा शब्द नक्की ठाऊक असेल, तोच हा प्रकार.

संघाचे वर्ष कसे जाते?

जागतिक स्पर्धेत आता दोन प्रकार आलटून पालटून होतात. एका वर्षी जंगलातील शर्यती, दुसऱ्या वर्षी शहरातील, म्हणजे गल्लीबोळांतील. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जंगल, २०२४ मध्ये एडिंबरा शहर, २०२५ मध्ये फिनलंडमधील कुओपिओचे जंगल. २०२६ साठी इटलीतील जेनोवा शहर ठरले. जंगलातील लांब शर्यत पुरुषांसाठी दीड तासाच्या आसपास चालते. शहरातली छोटी शर्यत अवघ्या बारा ते पंधरा मिनिटांची असते, पण त्यात दर काही सेकंदांना डावीकडे की उजवीकडे हा निर्णय घ्यावा लागतो.

सिंगापूरसारख्या देशाची अडचण आपल्या लगेच लक्षात येईल. सगळा देश साधारण ७३५ चौरस किलोमीटरचा. सर्वांत उंच टेकडी बुकित तिमा, तीही सुमारे १६४ मीटर. संरक्षित जंगल आहे, पण तिथे आखलेली पायवाट सोडून आत शिरायला मनाई. मग युरोपातील दाट जंगलात, चढउताराच्या रेषा वाचत धावायचा सराव करायचा कुठे? उलट उंच इमारतींच्या वसाहती, त्यांच्याखालची मोकळी जागा, जिने, पूल, छत घातलेले पादचारी मार्ग हे सगळे तिथे हाताशी आहे. म्हणून अशा देशातील खेळाडूला शहरातील शर्यत जवळची वाटते. जंगलातील स्पर्धेसाठी मात्र परदेशी आधी जाऊन, तशाच जमिनीवर काही दिवस सराव केल्याशिवाय निभाव लागत नाही.

त्या मुलीने आम्हाला तिची दिनचर्या सांगितली. पहाटे धावणे, कारण नंतर उकाडा सहन होत नाही. आठवड्यातून काही दिवस जिने आणि चढ. त्याशिवाय 'बसून करायचा सराव': खुर्चीत बसून अनोळखी गावाचे नकाशे वाचायचे आणि मनातल्या मनात त्यातून चालायचे. एक गंमतीचा सराव असा, की नकाशा अर्धा मिनिट पाहायचा, मग तो दुसऱ्याकडे देऊन आठवणीवर पुढची खूण गाठायची. आणि प्रत्येक शर्यतीनंतर वहीत लिहायचे: कुठे चुकले, का चुकले, चूक लक्षात यायला किती वेळ लागला.

तिने ती वही यांना दाखवली. पानेच्या पाने चुकांनी भरलेली. यांनी चष्मा पुसून दोन-तीन पाने पाहिली आणि म्हणाले, "एवढ्या चुका करूनही तुला संघात घेतील?" ती म्हणाली, "अंकल, चुका सगळेच करतात. ज्याची चूक लवकर लक्षात येते, तो पुढे जातो."

चकवा का लागतो?

चकवा हा शब्द आपल्या पिढीला नव्याने सांगायला नको. रेवदंडा, नागाव, अलिबागकडच्या जुन्या माणसांकडून आपण ऐकलेले आहे. रात्री रानातून येणारा माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो. मग कोणी म्हणायचे भूत, कोणी म्हणायचे देवचार.

यात भुताचा हात नाही, पण अनुभव मात्र खरा आहे. २००९ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आकाश भरून आले किंवा चंद्र मावळला, की आपण सरळच चाललो आहोत अशी खात्री असूनही ती गोल गोल फिरू लागली. म्हणजे बाहेरची खूण नसली की तरुण, धडधाकट माणसालाही चकवा लागतो.

आता नोव्हेनात काय झाले ते पाहा. कोकणात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात दुपारचा सूर्य साधारण दक्षिणेकडे झुकलेला असतो. सिंगापूर विषुववृत्ताला लागून असल्यामुळे जून महिन्यात तो उत्तरेकडे असतो. यांनी नकळत सूर्यावरून दिशा धरली, ती उलटी निघाली. त्यात त्या भागात हॉस्पिटलेच हॉस्पिटले. १८४४ मध्ये पाया घातलेले टॅन टॉक सेंग हॉस्पिटल १९०९ पासून याच परिसरात आहे आणि त्याच्या आजूबाजूला आता उंच इमारती, दवाखाने, वैद्यकीय महाविद्यालय असे सगळे उभे आहे. काचेच्या इमारती एकीसारखी दुसरी. स्टेशनात एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडले, की आपण कुठल्या बाजूला आलो ते कळत नाही.

रस्त्यांची नावे मात्र यांच्या चांगली लक्षात होती. मौलमीन रोड, इरावदी रोड, मंडाले रोड अशी ती ब्रह्मदेशातील नावे आहेत. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ ज्या मंडालेच्या तुरुंगात होते, तेच मंडाले. "मंडाले रोडवरून उजवीकडे" एवढे हे पाठ करून गेले होते. पण उजवीकडे म्हणजे जाताना उजवीकडे. येताना ते डावीकडे होते.

त्या मुलीने आणखी एक गोष्ट विचारली, "अंकल, काहीतरी चुकले आहे असे तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटले?" यांनी विचार करून सांगितले, "मोठी पांढरी इमारत आली तेव्हाच. पण मी म्हटले, हीच ती, थोडी वेगळी दिसते एवढेच. आणि तसाच पुढे गेलो." ती हसली. तिच्या खेळात ही अगदी नेहमीची चूक आहे. समोरची जागा नकाशाशी जुळत नसली तरी माणूस ती ओढूनताणून जुळवतो. जागतिक दर्जाचे खेळाडूसुद्धा यात मिनिटेच्या मिनिटे घालवतात.

डोक्यातला नकाशा

आपल्या मेंदूत कानांच्या वरच्या बाजूला, आत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी साठवण्यात आणि वाट शोधण्यात त्याचा मोठा वाटा आहे. जागा ओळखणाऱ्या पेशींच्या शोधाबद्दल जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोसर या पतिपत्नींना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. २००० मध्ये संशोधकांना दिसले, की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आहे.

म्हातारपणी काही फरक पडतो का? २०११ मध्ये अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर एक वर्ष प्रयोग झाला. अर्ध्या लोकांनी आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चाळीस मिनिटांपर्यंत वाढवत नेत भरभर चालणे केले. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढला. ज्यांनी नुसते हातपाय ताणण्याचे व्यायाम केले, त्यांचा थोडा कमी झाला. २०२३ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १८ ते ८७ वयाच्या १५८ जणांची पाहणी केली. ओरिएंटिअरिंगमध्ये मुरलेल्या लोकांनी वाट शोधण्याची आणि जागा लक्षात ठेवण्याची स्वतःची क्षमता इतरांपेक्षा चांगली असल्याचे सांगितले.

इथे नर्स म्हणून मला एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. मॅकमास्टरची पाहणी ही पाहणी आहे. ज्यांना मुळातच वाटा चांगल्या सापडतात, तेच या खेळाकडे वळत असतील, असेही असू शकते. हा खेळ खेळला म्हणजे विस्मरणाचा आजार होणार नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण चालणे चांगले आणि डोके वापरत चालणे त्याहून वाईट नक्कीच नाही, एवढे समजून सुरुवात करायला काही हरकत नाही.

हरवणे केव्हा साधे, केव्हा नाही?

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सावकाश वाचा.

परक्या गावात, नव्या इमारतीत, मोठ्या हॉस्पिटलात वाट चुकणे हे कोणालाही होते. चूक लक्षात येणे, विचारून परत वाटेला लागणे, घरी येऊन सगळे नीट सांगता येणे, हे असेल तर घाबरू नका.

पण वीस वर्षे ज्या गल्लीत राहतो तिथे वाट चुकणे, नेहमीच्या दुकानातून घरी कसे जायचे ते न सुचणे, आपण कुठे आणि कशासाठी आलो हेच न आठवणे, असे झाले तर डॉक्टरांना सांगायला हवे. लपवू नका आणि घरच्यांनी झाकूही नका. अल्झायमरमध्ये ओळखीच्या जागी वाट चुकणे हे सुरुवातीचे लक्षण असू शकते. आणि अचानक, काही तासांत किंवा दिवसांत, माणूस गोंधळला, तर लगेच दवाखान्यात न्या. त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, साखर कमी होणे, अंगातील पाणी किंवा मीठ कमी होणे, औषधाचा परिणाम किंवा पक्षाघात असू शकतो. तोंड वाकडे होणे, एका हातातली शक्ती जाणे, बोलणे जड होणे, यांपैकी काही दिसले तर एक मिनिटही थांबू नका.

ठाण्याला परतल्यावर आठवड्याभरात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली, रक्त तपासले, थायरॉइड आणि बी-१२ पाहिले, डोळे तपासायला पाठवले. स्मरणशक्ती वयाच्या मानाने ठीक निघाली. उजव्या डोळ्यात मात्र मोतीबिंदू पिकत आला होता. उन्हात रस्त्यांच्या पाट्या त्यांना नीट वाचताच येत नव्हत्या आणि ते त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. शिवाय रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. त्या सकाळी नुसत्या चहावर, त्या दमट उकाड्यात दोन तास चालल्यावर अंगातील पाणी कमी झाले आणि गोंधळात भर पडली. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा चाचणीला बोलावले आहे. आम्ही जाणार आहोत. "आता काहीच नाही" असे मी इथे लिहिणार नाही. काय बघत राहायचे, ते आता आम्हाला माहीत आहे, इतकेच.

खेळाडूंकडून आपण काय घ्यायचे?

धावायचे नाही. नकाशा, खुणा आणि सावकाश पावले एवढ्यावर काम भागते. त्या मुलीने यांना शिकवले ते असे:

१. *आधी थांबा, मग वाचा.* चालता चालता नकाशा किंवा मोबाइल पाहू नका. आपल्या वयात पडण्याचे ते मोठे कारण ठरू शकते. बाजूला उभे राहा, पाहा, घडी करा, मग चाला.

२. *नकाशा फिरवून धरा.* आपले तोंड ज्या दिशेला आहे, नकाशातील ती दिशा वर यायला हवी. अक्षरे उलटी दिसली तर दिसू द्या. अंगठा आपण जिथे उभे आहोत तिथे ठेवा आणि चालाल तसा पुढे सरकवा.

३. *'कठडा' शोधा.* ज्याला धरून चालता येते अशी लांब गोष्ट, म्हणजे भिंत, नाला, रेल्वेचे कुंपण, मोठा रस्ता. ती बाजूला आहे तोवर वाट बरोबर आहे.

४. *'फार पुढे आलो' हे सांगणारी खूण आधीच ठरवा.* "पूल लागला म्हणजे माझे वळण मागे राहिले." ही एक खूण असती तर त्या दिवशी यांचा दीड तास वाचला असता.

५. *वळणावर मागे वळून पाहा.* परतताना तीच जागा उलट्या बाजूने दिसते आणि अनोळखी वाटते. जातानाच एकदा मागे पाहून ठेवले की येताना ओळख पटते.

६. *जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नका.* शंका आली की थांबा. शेवटची पक्की ओळखीची जागा आठवा आणि तिथे परत जा. ती सापडत नसेल तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

घरच्या घरी सुरुवात

कागद-पेन्सिल घ्या आणि आपल्या घरापासून दुकानापर्यंतचा नकाशा आठवणीने काढा. वळणे, झाडे, पाट्या, सगळे. मग कोणाला तरी बरोबर घेऊन जा आणि काय राहिले ते पाहा. दुसऱ्या दिवशी एका वाटेने जा, दुसऱ्या वाटेने या. नातवंडे असतील तर त्यांना बागेत चार-पाच रंगीत फिती बांधायला सांगा आणि त्यांनीच काढलेल्या नकाशावरून तुम्ही शोधा. मुलांना याची फार मजा वाटते.

ज्यांना चालता येत नाही, त्यांनीही मागे राहू नये. या खेळाचाच एक प्रकार चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंनाही खेळता यावा म्हणून केलेला आहे. त्यात वेगाला महत्त्व नाही. वाटेवरूनच पाहून, दिसणाऱ्या खुणांपैकी नकाशाशी जुळणारी कोणती ते अचूक सांगायचे. त्याची जागतिक स्पर्धा २००४ मध्ये स्वीडनमध्ये पहिल्यांदा झाली. आणि ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत वय वर्षे ३५ पासून पाच-पाच वर्षांचे गट असतात, ते थेट नव्वदीच्या पुढेपर्यंत. खाटेवर असलेल्या माणसाला आपल्या जुन्या गावाचा नकाशा काढायला सांगा: विहीर कुठे होती, शाळा कुठे, कोणाचे घर कोणाच्या शेजारी. तुम्हालाही नवे काही कळेल.

बाहेर जाताना मात्र हे विसरू नका: न्याहारी करून निघा, पाण्याची बाटली घ्या, ऊन चढण्याआधी परत या. मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा गोळ्या ठेवा. घट्ट बसणारे, न घसरणारे बूट घाला. खिशात नाव, पत्ता, घरचा नंबर आणि औषधांची यादी ठेवा. मोबाइल घ्याच, पण संकटासाठी. हृदयविकार, चक्कर किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगते. रोज अर्धा तास चाललात तर पहिला आकडा सहज गाठता येतो.

पुन्हा बॅलेस्टियर रोड

सिंगापूर सोडण्याच्या आदल्या दिवशी हे मला म्हणाले, "चल, पाव आणू." त्या मुलीने दिलेला नोव्हेनाचा नकाशा घडी करून हातात, मोबाइल खिशात. स्टेशनपाशी थांबून त्यांनी मला दाखवले. समोर नोव्हेना चर्च, ज्यावरून या भागाला नाव पडले. आणि इथेच स्टेशनच्या परिसरात पूर्वी ज्यूंची दफनभूमी होती, रेल्वे येताना १९८० च्या दशकात ती चोआ चू कांगला हलवली, हेही त्यांनी जावयांकडून ऐकून लक्षात ठेवले होते. आम्ही दोघे तिथे क्षणभर उभे राहिलो.

पुढे मंडाले रोडच्या कोपऱ्यावर ते चुकलेच. मी काही बोलणार, एवढ्यात स्वतःच थांबले. नकाशा फिरवला, अंगठा मागे घेतला. "नाही, मागच्या सिग्नलपर्यंत परत जाऊ," म्हणाले. मी गप्प राहिले. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला हे गप्प राहणे जमले नव्हते.

पाव गरम मिळाला. वाचकहो, आपल्या गल्लीचा नकाशा जरूर काढून पाहा आणि घरातले कोणी वाट चुकले, तर आधी पाणी द्या, मग शांतपणे विचारा. ओरडू नका. मी ओरडले होते, म्हणून सांगते.